नवव्या दिवसाचा पडताळा

कागदावरचा आकडा श्रीपतरावांनी दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. एकोणतीस पूर्णांक सहा. नालासोपारा पश्चिमेच्या त्या लॅबच्या अरुंद जिन्यात माणसे चढत-उतरत होती. कोणाच्या तरी हातातली दुधाची पिशवी त्यांच्या मनगटाला गार लागून गेली आणि ते भिंतीशी सरले. खाली एक रिक्षावाला सुट्या पैशांवरून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. तो आवाज, तो गारवा, जिन्यातला फिनाइलचा वास, सगळे होते तसेच राहिले, आकडाही राहिला. पाच आठवड्यांपूर्वी हेच द्रव्य, ज्याला वसईचे डॉक्टर पीएसए म्हणत, त्यांच्या रक्तात सहा पूर्णांक आठ इतके भरले होते. तेही असावे त्याहून अधिकच, म्हणून तर डॉक्टरांनी पुरःस्थ ग्रंथीत, ज्याला सगळे प्रोस्टेट म्हणतात तिच्यात, बारा ठिकाणी सुई घालून सूक्ष्म तुकडे काढले होते. त्या बायोप्सीचा निकाल सातव्या दिवशी आला. कौस्तुभने, त्यांच्या मुलाने, तो आधी फोनवर पाहिला आणि मग जेवणाच्या टेबलाशी उभ्याउभ्या सांगितले, “काही नाही बाबा. कॅन्सर नाही. ग्रंथी वयाने मोठी झालीय, एवढंच.” सुहासिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सून अश्लेषा ऑफिसच्या घाईतही थांबून हसली. काही नाही, असे सगळे म्हणाले होते. काही नाही, तर मग हे एकोणतीस कशाचे?

शंका मात्र आकड्याच्या आधीची होती. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली होती. पालघरपासून पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावापर्यंत त्यांनी किती काटे तपासले, किती दांड्यांखाली चिकटवलेले शिसे नखाने खरवडून काढले, याची मोजदाद त्यांनाही नव्हती. त्या आयुष्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. दुकानदाराने स्वतः दाखवलेले वजन हे वजन नव्हे. पूर्वसूचना न देता, ओळख न सांगता, दुसऱ्या काट्यावर जे भरते तेच वजन. कौस्तुभने आणलेल्या निकालाच्या कागदावर सही होती, पण ती छापलेली. शिक्का नव्हता. “हल्ली शिक्के नसतात बाबा,” असे तो म्हणाला, आणि ते खरेही असेल. तथापि तो हे ज्या तत्परतेने म्हणाला ती तत्परता श्रीपतरावांच्या ध्यानात राहिली. दोन दिवस त्यांनी तो कागद मनात उलटसुलट केला. नवव्या दिवशी, आगाशीला कोणाकडे तरी जाऊन येतो असे सांगून ते घरातून निघाले आणि जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा लॅबमध्ये जाऊन त्यांनी दंड पुढे केला. रक्त घेणारी मुलगी नीट होती. तिने कागदावरचे प्रश्न वाचले: काही गोळ्या चालू आहेत का, लघवीला जळजळ आहे का, गेल्या दोन महिन्यांत त्या भागाची काही तपासणी झाली आहे का, सुई, नळी असे काही? श्रीपतराव क्षणभरही थांबले नाहीत. अचानक तपासणीला गेलेला निरीक्षक समोरच्याला काही सांगत नसतो. “नाही,” ते म्हणाले. मुलीने त्या रकान्यात रेघ मारली. निकाल दुपारी मिळेल म्हणाली, आणि ते तिथेच थांबले.

घरी परतताना त्यांनी तो कागद चार घड्या करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पोहोचल्यावर निवृत्तिवेतनाच्या जुन्या खाकी पाकिटात सरकवला. त्या पाकिटाला त्यांच्याखेरीज कोणी हात लावत नसे. सुहासिनीबाईंनी पाणी आणून दिले आणि आगाशीला कोण कोण भेटले ते विचारले. त्यांनी दोन नावे सांगितली. नावे सांगताना त्यांना जाणवले की आपण किती सहज खोटे बोलतो, आणि लगेच दुसरे जाणवले की हा सहजपणा नवा नाही. बावीस वर्षांपूर्वी गिरगावातल्या थोरल्या भावाच्या, दादांच्या, खोलीत ते असेच उभे होते. हातात दादांच्या पोटाच्या तपासणीचा कागद होता. दादा पलंगावर उशाला टेकून बसले होते. कागदावर जठराचा कर्करोग लिहिला होता, आणि बाहेरच्या खोलीत धाकट्या भावांनी व वहिनींनी ठरवले होते की दादांना कळता कामा नये, धीर सोडतील. वाचून दाखवण्याचे काम श्रीपतरावांकडे आले, कारण सगळ्यांत खरा माणूस तेच होते. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि जिथे कर्करोग होता तिथे अल्सर वाचले. एकदाही अडखळले नाहीत. “काही नाही दादा, अल्सर आहे.” पुढे चार महिन्यांनी, आवाज खोल गेल्यावर दादा एकदा त्यांना म्हणाले, “तू वाचलंस ना, म्हणून मी कागद मागितला नाही.” ते वाक्य विश्वासाचे होते की आरोपाचे, याचा निर्णय श्रीपतरावांना त्यानंतर कधी करता आला नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की ‘काही नाही’ हे दोन शब्द कसे उच्चारावे लागतात. आवाज जरा वरच्या पट्टीत ठेवायचा, नजर कागदावर, आणि वाक्य संपताच दुसरा विषय काढायचा. कौस्तुभने निकाल सांगून झाल्यावर लगेच फ्रीजच्या दाराच्या रबराचा विषय काढला होता.

त्यानंतरचे चार दिवस श्रीपतरावांनी आपल्याच घरात निरीक्षकासारखे काढले. पहिल्या दिवशी काही आढळले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र घराचा काटा हलला. सुहासिनीबाई, ज्या त्यांच्याशी रोज वर्तमानपत्राच्या पानांवरून वाद घालत, त्यांनी संपूर्ण पेपर आधी त्यांच्यापुढे ठेवला. संध्याकाळी चहात साखर किती हे विचारले. बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. रात्रीच्या जेवणात अळूवडी होती, तिसऱ्या दिवशी खांडवी, आणि पानात वाढताना त्या त्यांच्या चेहऱ्याकडे न पाहता हाताकडे पाहत होत्या. कौस्तुभ गॅलरीचे दार ओढून घेऊन फोनवर बोलू लागला. काचेआडून त्याचे ओठ दिसत, शब्द येत नसत. एकदा दार उघडताना ‘परळला’ एवढाच शब्द आत आला आणि बापाला पाहून तो उरलेले वाक्य गिळून गेला. परळला कॅन्सरचे इस्पितळ आहे हे मुंबईत जन्म काढलेल्या कोणाला सांगावे लागत नाही. अश्लेषाने त्यांच्यासाठी नवी, मऊ उशी आणली आणि ती सेलमध्ये मिळाली असे न विचारता सांगितले. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे निरागस होती. एकत्र ठेवल्यावर त्यांचे वजन भरत होते. तपासणीतला पुरावा असाच असतो. एक दाणा म्हणजे काही नव्हे, मूठभर दाणे म्हणजे पारडे खाली. तरीही त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर आले असते, आणि ते उत्तर कसे असते हे त्यांना पाठ होते. दादांनी का विचारले नसावे, हे त्यांना या चार दिवसांत थोडे समजू लागले. मरणाची भीती होती, नव्हती असे नाही. सकाळी लघवीत अजून दिसणारी तांबूस छटा ते उजेडात निरखून पाहत. परंतु तिच्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. उरलेला काळ, मग तो किती का असेना, आपल्याला अशा माणसांत काढावा लागणार जी आपल्याशी गोड बोलतात आणि खरे बोलत नाहीत. सुहासिनी खोटे बोलते आहे. आकड्यापेक्षा हे त्यांना अधिक खुपत होते, आणि एखादा दात दुखत असता जीभ पुनःपुन्हा तिथेच जावी तसे त्यांचे मन तिच्या पाण्याचा पेला ठेवणाऱ्या हाताकडे जात होते.

पाचव्या दिवशी ते वसईजवळ गासला गेले. तिथे क्लेमेंट राहत असे. केळी, तोंडली आणि मोगऱ्याची वाडी, विहिरीला लागून घर. तीस वर्षांपूर्वी वसईच्या बाजारात श्रीपतरावांनी त्याचा काटा जप्त केला होता, खटला भरला होता, आणि दंड भरून झाल्यावर क्लेमेंटने त्यांना चहा पाजला होता. मैत्री तिथून सुरू झाली. अजूनही तो त्यांना साहेब म्हणे आणि त्या जप्तीवरून टोमणे मारण्याची एक संधी सोडत नसे. आज मात्र त्याने टोमणा मारला नाही. खाट झाडून दिली, शहाळे सोलले, आणि कोयता पायाशी ठेवून तोंडलीच्या मांडवाकडे पाहत बसला. त्याची बायको विनी ओट्यावर येऊन, “कसे आहात?” एवढे विचारून आत गेली, ते त्या ‘कसे’वर नको इतका भार देऊन. श्रीपतरावांच्या मनात लख्ख झाले. म्हणजे इथवर पोहोचले आहे. गासच्या वाडीतल्या माणसांना ठाऊक आहे आणि ज्याचे शरीर आहे त्याला नाही. शहाळ्याचे पाणी त्यांना तुरट लागले. त्यांनी ते खाली ठेवले आणि पहिल्यांदाच, ज्याच्याशी आपले नाते लागत नाही अशा माणसाला विचारले की तुला काय काय कळले आहे.

क्लेमेंटने मानेमागे हात घासला. “साहेब, मी विषय काढणार नव्हतो. पण वहिनींचा फोन आला होता विनीला. रडत होत्या. म्हणाल्या, ह्यांना कॅन्सर निघालाय आणि हे आम्हांला सांगत नाहीत.”

“मी सांगत नाही?”

“मग कोण? तुमच्या पेन्शनच्या पाकिटात कागद होता ना. नोव्हेंबर चालू आहे, हयातीचा दाखला द्यायचा राहिला, म्हणून वहिनींनी पाकीट काढलं. त्यात तो सोपाऱ्याचा रिपोर्ट. तीसला टेकलेला आकडा. कौस्तुभने डॉक्टरांकडे फोन केला तर ते गावाला गेलेले, सोमवारपर्यंत येत नाहीत. मग पोरगा परळला कोणाची वेळ मिळते का बघतोय. आणि वहिनींनी सगळ्यांना ताकीद दिली, की हे स्वतःहून बोलेपर्यंत कोणी विचारायचं नाही.” तो थांबला, आणि मग त्याच्यातला जुना क्लेमेंट जरासा जागा झाला. “माझा काटा नेलात तेव्हा निदान पंचनामा तरी केला होता, साहेब. घरच्या माणसांना तेवढंही नाही.”

विहिरीवरचा पंप चालू झाला आणि पाटातून पाणी केळींच्या बुडाशी पसरू लागले. अळूवडी, खांडवी, उशी, गॅलरीचे दार. त्यांनी एकेक दाणा मुठीतून परत खाली टाकून पाहिला. पहिल्या दिवशी काही आढळले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट उघडले गेले असणार. जे लपवणे त्यांनी चार दिवस बारकाईने टिपले होते ते त्यांच्या लपवण्यानंतर सुरू झाले होते. परंतु यातूनही एक धागा सुटत होता आणि शंकेने तो लगेच पकडला. बायोप्सीचा निकाल खरा असेल तर आकडा कसा चढला? आकडा खरा असेल तर निकाल कोणाचा? क्लेमेंटलाच हे असे सांगायला कोणी पढवले नसेल कशावरून? हा शेवटचा विचार मनात आला तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली, आणि तरीही तो विचार गेला नाही.

घरी पोहोचले तेव्हा सुहासिनीबाई एकट्याच होत्या. कौस्तुभ आणि अश्लेषा कामावर होते. श्रीपतरावांनी खाकी पाकिटातून तो कागद काढला आणि टेबलावर सपाट करून ठेवला. त्यांना वाटले होते की ती दचकेल. तिने कागदाकडे पाहिलेही नाही.

“मला माहीत आहे हा,” ती म्हणाली. “तोंडपाठ आहे. तुम्ही का लपवलात?”

“मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यापासून लपवता आहात.”

“आम्ही? काय लपवणार होतो?”

“दादांपासून आपण लपवलंच होतं, सुहास.”

तिने खुर्ची ओढली आणि बसली. बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांच्या नक्षीवर बोट फिरवीत राहिली. मग तिने मान वर केली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता हेच त्यांना असह्य झाले. “आपण नाही. तुम्ही. मी तेव्हा स्वयंपाकघरात तुम्हांला म्हटलं होतं, सांगा त्यांना, त्यांना काही आवरायचं असेल. तुम्ही म्हणालात, बाईमाणसाने यात पडू नये.” हे वाक्य आपण उच्चारले होते याची श्रीपतरावांना आठवण नव्हती, पण ते आपलेच आहे, आपल्याच तोंडचे आहे, हे त्यांनी तत्क्षणी ओळखले. “आणि आता तुम्हांला वाटलं की मीही तसंच करेन.”

सोमवारी डॉक्टर गावाहून परतले. तिघे गेले, कौस्तुभने रजा घेतली होती. डॉक्टरांनी सोपाऱ्याचा कागद पाहिला, त्यावरची तारीख पाहिली, बायोप्सीची तारीख पाहिली, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता की श्रीपतरावांना तो आधी कळलाच नाही. लॅबमध्ये बायोप्सी झाल्याचे सांगितले होते का? तिथे विचारतात. श्रीपतराव म्हणाले, विचारले होते. मग? “नाही म्हणालो.” कौस्तुभने बापाकडे पाहिले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारला आणि अत्यंत शांतपणे समजावून सांगितले. हे द्रव्य त्या ग्रंथीतच तयार होते आणि निरोगी अवस्थेत बहुतांशी तिथेच राहते. बारा वेळा सुई गेली की ग्रंथी जखमी होते, आतले द्रव्य रक्तात सांडते, आकडा कितीतरी पट चढतो. कर्करोग असो वा नसो. ते ओसरायला आठवडे लागतात. म्हणून बायोप्सीनंतर निदान सहा आठवडे हे रक्त तपासूच नये. तपासले तर त्या आकड्याला अर्थ नसतो. निकालाची मूळ प्रत त्यांनी खणातून काढून पुढे ठेवली. बारा तुकडे, एकाही तुकड्यात कर्करोग नाही. बारा तुकड्यांत सापडले नाही म्हणजे कुठेच नाही अशी शपथ मात्र ते घेणार नव्हते. म्हणून जानेवारीत रक्त पुन्हा तपासायचे, आणि त्या आकड्यावर पुढचे ठरवायचे.

बाहेर बाकावर बसताना श्रीपतरावांना प्रशिक्षणाचा पहिला आठवडा आठवला. मखमली खाचांत मांडलेली पितळेची प्रमाण वजने, आणि त्यांतले एक त्यांनी उत्साहाच्या भरात बोटांनी उचलले होते. वृद्ध शिक्षकांनी त्यांच्या हातावर पेन्सिल मारली होती. वजन चिमट्यानेच उचलायचे. बोटाचा घाम लागला की ते वजन तेच राहत नाही. चौतीस वर्षे त्यांनी ते नियम म्हणून पाळले. त्याचा अर्थ त्यांनी कधी लावला नव्हता. त्यांना हे सुहासिनीला सांगावेसे वाटले, आणि लगेच लक्षात आले की हे सांगणे म्हणजे स्वतःच्या चुकीला शास्त्राचे वस्त्र चढवणे होईल. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला पर्स मांडीवर घेऊन बसली होती. कौस्तुभ रिक्षा बघायला गेला होता.

जानेवारीपर्यंतचे दिवस गेले. घरात पुन्हा वर्तमानपत्रावरून वाद होऊ लागले. खांडवी झाली नाही. गॅलरीचे दार उघडे राहू लागले. वरवर सगळे पूर्ववत झाले होते, आणि तरीही काहीतरी अगदी थोड्या फरकाने वेगळे होते. ते बाहेर निघाले की सुहासिनीबाई कुठे जाता हे विचारीत, आणि उत्तर ऐकून झाल्यावर एक निमिष थांबत. पूर्वी त्या थांबत नसत. ते गासला जातो म्हणत आणि खरोखर गासलाच जात; पण वाटेत त्यांना वाटे की आपण गासला गेल्याची काहीतरी खूण, पसाभर तोंडली म्हणा, मोगऱ्याच्या कळ्या म्हणा, घरी न्यायला हवी. ते नेऊ लागले. तिने कधी मागितले नव्हते.

ठरल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या लॅबमध्येच रक्त दिले, विचारले ते सगळे सांगितले, न विचारलेलेही सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आणायला ते एकटेच गेले. पाकीट त्यांनी तिथे उघडले नाही. घरी आले तेव्हा सुहासिनीबाई टेबलाशी वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी पाकीट फाडले, कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचला.

“सहा पूर्णांक चार,” ते म्हणाले. “बायोप्सीच्या आधी होतं त्याहून कमी. काळजीचं काही नाही.”

आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. जरासा वरच्या पट्टीत, नजर कागदावर. त्यांनी नजर उचलली. सुहासिनीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्या दृष्टीत शत्रुत्व नव्हते, दुःखही फारसे नव्हते. त्यांनी आयुष्यभर इतरांकडे ज्या दृष्टीने पाहिले होते ती तिथे होती. आपण खरे सांगतो आहोत, हे म्हणण्यासाठी श्रीपतरावांनी तोंड उघडले आणि मिटले. खरे सांगणारा माणूसही हेच म्हणतो आणि न सांगणाराही.

तिने सोललेले दाणे बाजूला सारले, पदराला हात पुसले, आणि हात पुढे केला.

त्यांनी कागद दिला. तिने चष्मा लावला आणि अगदी वरून सुरुवात केली: नाव, वय, तारीख, नमुना कधी घेतला ती वेळ. प्रत्येक ओळीखाली बोट धरून ती वाचत होती. श्रीपतरावांना खुर्ची जवळच होती, पण ते बसले नाहीत. तिचे बोट शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत ते तिच्यासमोर उभे राहिले.